डेबियनमधून काढलेली पॅकेजं: तुमच्या मशीनवर उरलेल्यांचं काय करायचं

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या १२ वरून १३ या आवृत्तीवर गेलात, मशीन पुन्हा चालू झालं, सगळं ठीक दिसतंय. महिन्याभराने दुसऱ्या लॅपटॉपवर नेहमीचंच एखादं साधन टाकायला जाता, तर ॲप्ट (पॅकेजं बसवणारं-काढणारं साधन) सांगतं की असं पॅकेज सापडत नाही. पहिल्या मशीनवर मात्र तेच साधन मजेत चालू असतं. नवख्या माणसाला वाटतं, दुसऱ्या लॅपटॉपचं काहीतरी बिघडलंय. खरं तर लक्ष द्यायला हवं ते पहिल्या मशीनकडे.

डेबियनच्या रेपोमधून, म्हणजे पॅकेजांच्या सर्व्हरवरच्या साठ्यातून, पॅकेज काढलं, तरी ते तुमच्या डिस्कवरून आपोआप जात नाही. एकदा बसलेलं पॅकेज तुम्ही काढेपर्यंत, किंवा अपग्रेडच्या वेळी दुसऱ्या कशाशी टक्कर होऊन ॲप्टने काढायला परवानगी मागेपर्यंत, जागेवरच राहतं. फक्त त्याचे अपडेट थांबतात, आणि तेही निमूटपणे. उद्या त्यात सुरक्षेचं भोक सापडलं तर दुरुस्ती येणार नाही आणि ती येत नाहीये हेही कुणी सांगणार नाही. म्हणून ही पॅकेजं आपणच शोधावी लागतात.

पुढच्या कमांड देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. आडव्या रेघा, प्रश्नचिन्हं, अवतरणचिन्हं मात्र दिसतात तशीच ठेवा.

पॅकेज नेमकं कुठून जातं?

डेबियनमध्ये नवं पॅकेज आधी अनस्टेबलमध्ये येतं, तिथे काही दिवस टिकलं की टेस्टिंगमध्ये सरकतं, आणि टेस्टिंग गोठवून त्यातून पुढचं स्टेबल तयार होतं. काढण्याचे प्रकारही या टप्प्यांप्रमाणे वेगळे आहेत.

टेस्टिंगमधून पॅकेज जाणं ही तशी रोजची गोष्ट. गंभीर बग नोंदला गेला आणि ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर ते टेस्टिंगमधून आपोआप काढलं जातं. दुरुस्ती झाली की परतही येतं. त्यामुळे तुम्ही टेस्टिंग वापरत असाल आणि एखादं पॅकेज अचानक दिसेनासं झालं, तर लगेच पर्याय शोधायला धावू नका. थोडं थांबा.

अनस्टेबलमधून जाणं ही गंभीर बाब. त्यासाठी कुणीतरी रीतसर विनंती नोंदवतं, कारण लिहितं, आणि एफटीपी टीम (डेबियनचा पॅकेज-साठा सांभाळणारी मंडळी) ते पॅकेज काढते. पुढच्या स्टेबलमध्ये ते येणार नाही हे इथे जवळजवळ ठरून जातं. पण सध्याच्या स्टेबलला हात लागत नाही. डेबियन १३ मध्ये असलेलं पॅकेज अनस्टेबलमधून गेलं तरी १३ मध्ये राहतंच. स्टेबलमधून मध्येच काही काढायचं झालं तर ते छोट्या अपडेट-आवृत्तीच्या वेळी होतं, आणि त्या घोषणेत काढलेल्या पॅकेजांची वेगळी यादी असते. ती यादी सहसा लहान असते, वाचायला दोन मिनिटं पुरतात.

कारण आधी, उपाय नंतर

पॅकेज का गेलं यावर पुढे काय करायचं ते ठरतं, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

काही पॅकेजं त्यांच्या पायाखालची जमीन सरकल्यामुळे जातात. पायथन २ चा मूळ आधार १ जानेवारी २०२० ला संपला. डेबियन ११ मध्ये ते मोजक्या गोष्टी बांधण्यापुरतं ठेवलं होतं, डेबियन १२ मध्ये पूर्ण गेलं. त्याच्यासोबत, पायथन ३ वर न आलेले सगळे लहान-मोठे प्रोग्रॅमही गेले. ग्राफिकल प्रोग्रॅम ज्यावर बांधतात त्या क्यूटी ४ चं तेच, ते डेबियन ११ पासून नाही. अशा वेळी एखादं पॅकेज परत आणा म्हणून मागणी करण्यात अर्थ नसतो, कारण ते ज्यावर उभं होतं तेच राहिलेलं नसतं.

काही पॅकेजं परवान्यापायी जातात. मोंगोडीबी या डेटाबेसने ऑक्टोबर २०१८ मध्ये परवाना बदलला. नवा परवाना डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या कसोटीत बसत नव्हता, आणि डेबियन १० मध्ये मोंगोडीबी आलंच नाही. इथे प्रोग्रॅम जिवंत आहे, त्यावर काम चालू आहे, फक्त डेबियन ते देत नाही. मग बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या रेपोमधून घेणं हा सरळ मार्ग.

व्हर्च्युअलबॉक्सची, म्हणजे एका मशीनच्या आत दुसरी (व्हर्च्युअल) मशीन चालवणाऱ्या ओरॅकलच्या प्रोग्रॅमची, गोष्ट आणखी वेगळी. ते मुक्त आहे, अनस्टेबलमध्ये मिळतं, पण स्टेबलमध्ये नाही. स्टेबलमध्ये जुनीच आवृत्ती ठेवून तिला फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या लावण्याची डेबियनची पद्धत आहे. त्यासाठी कोणत्या त्रुटीची दुरुस्ती कोणत्या बदलात आहे हे कळावं लागतं. ती माहिती ओरॅकलकडून सुटी मिळत नाही, त्यामुळे ते स्टेबलमध्ये वर्षानुवर्षं सांभाळणं अशक्य होतं. ज्यांना फक्त एखादी व्हर्च्युअल मशीन चालवायची आहे त्यांना डेबियनमधलं व्हर्ट-मॅनेजर पुरतं, असं माझं मत. व्हर्च्युअलबॉक्सचीच जुनी मशीन उघडायची असेल तर गोष्ट निराळी.

काही पॅकेजं मुद्दाम निवृत्त केली जातात. जीकेसूडो हे अख्खा ग्राफिकल प्रोग्रॅम रूटच्या (प्रशासकाच्या) अधिकाराने उघडणारं साधन होतं. ती पद्धतच धोक्याची ठरली आणि डेबियन १० पासून ते नाही. इंटरनेटवरच्या जुन्या सूचनांमध्ये ते अजून सापडतं, तेव्हा त्या सूचनाच बाजूला ठेवा.

आणि काही पॅकेजं जातच नाहीत, फक्त नाव बदलतात. डेबियन १३ मध्ये २०३८ सालच्या तारखेचा प्रश्न (जुन्या ३२-बिट पद्धतीत त्यापुढची वेळ मोजता येत नाही) सोडवताना कितीतरी लायब्ररींच्या नावाला शेवटी 'टी६४' लागलं. लिबएसएसएल३ चं लिबएसएसएल३टी६४ झालं. जुन्या नावाने शोधलंत तर वाटेल की पॅकेज गायब आहे.

पहिली पायरी: उरलेली पॅकेजं शोधा

सुडो ॲप्ट अपडेट
ॲप्ट लिस्ट '?ऑब्सोलीट'

दुसरी कमांड, तुमच्या कोणत्याही चालू रेपोमध्ये आता नसलेली पण मशीनवर असलेली पॅकेजं दाखवते. प्रत्येकापुढे 'इन्स्टॉल्ड, लोकल' असं दिसेल. पहिली कमांड न चुकता द्या आणि ती कसलीही तक्रार न करता पूर्ण झाली का ते पाहा. रेपोची फाइल चुकली असेल, किंवा अपग्रेडच्या वेळी एखादी ओळ बंद केलेली तशीच राहिली असेल, तर धडधाकट पॅकेजंही या यादीत येतील आणि तुम्ही उगाच घाबराल. यादी शेकड्यांत गेली तर पॅकेजं तपासत बसू नका, रेपोच्या फाइली तपासा.

यादी हाती आली की लगेच काढायला सुरुवात करायची नाही. तिच्यात वेगवेगळ्या जातीचे लोक असतात.

झूमसारखी, स्वतः डाउनलोड करून बसवलेली पॅकेजं इथे दिसणारच. ती डेबियनमध्ये कधी नव्हतीच. त्यांचे अपडेट बघणं तुमच्याच अंगावर आहे एवढं लक्षात ठेवा. बाहेरचे रेपो अपग्रेडपूर्वी बंद करा असं डेबियनच्या सूचना सांगतात, आणि ते योग्यही आहे, पण नंतर ते परत सुरू करायचं राहून जातं. मग त्या रेपोमधून आलेली सगळी पॅकेजं अनाथ दिसतात.

जुनी कर्नेलंही दिसतील. १२ वरून १३ वर आलात तर ६.१ ची कर्नेलं यादीत येतील, कारण १३ मध्ये ६.१२ आहे. नव्या कर्नेलवर वायफाय, आवाज, झोपवून उठवणं हे सगळं नीट चालतंय याची खात्री होईपर्यंत एक जुनं राहू द्या.

लायब्ररी बऱ्याच असतील. त्यांची काळजी सर्वांत कमी. कुणालाच नको असतील तर 'सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह' त्यांना घेऊन जातं.

मग उरतात ती तुम्ही खरोखर वापरता अशी साधनं, आणि डेटाबेस. डेटाबेसबद्दल पुढे सविस्तर.

जुने लेख वाचून डेबॉर्फन नावाचं साधन टाकायला जाऊ नका. निरुपयोगी पॅकेजं शोधून देणारं हे साधन स्वतःच डेबियन १३ मधून गेलंय! प्रकाशन-टिपणांनुसार त्याऐवजी आधी 'ॲप्ट-मार्क मिनिमाइझ-मॅन्युअल' आणि मग ऑटोरिमूव्ह वापरायचं. ऑटोरिमूव्ह काय काय काढतंय ती यादी वाचल्याशिवाय 'वाय' दाबायचं नाही, हा नियम इथेही लागू.

दुसरी पायरी: एकेकाची चौकशी

शंका असलेल्या पॅकेजसाठी 'ॲप्ट पॉलिसी' आणि पुढे पॅकेजचं नाव द्या. खाली आवृत्त्यांचा तक्ता येतो. त्यात एखाद्या सर्व्हरचा पत्ता असेल तर पॅकेज जिवंत आहे. फक्त १०० हा आकडा आणि डीपीकेजीच्या (ॲप्टच्या खाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या) स्टेटस फाइलचा मार्ग एवढंच असेल तर ते केवळ तुमच्या मशीनवर उरलंय.

का गेलं ते कळण्याची खात्रीची जागा म्हणजे डेबियनचा पॅकेज ट्रॅकर: ट्रॅकर डॉट डेबियन डॉट ओआरजी. तिथे प्रत्येक पॅकेजचं पान असतं, आणि काढलेल्या पॅकेजच्या पानावर बातम्यांमध्ये काढल्याची नोंद असते. हा ट्रॅकर सोर्स पॅकेजच्या, म्हणजे मूळ कोडच्या पॅकेजच्या, नावाने चालतो. तुमच्या मशीनवरचं नाव वेगळं असू शकतं, तेव्हा काही सापडलं नाही तर 'डीपीकेजी -एस' आणि पॅकेजचं नाव देऊन 'सोर्स' ही ओळ बघा. ती ओळ नसेल तर दोन्ही नावं एकच आहेत.

काढल्याच्या नोंदीत आद्याक्षरं असतात आणि पहिल्यांदा ती डोक्यावरून जातात. आरओएम म्हणजे सांभाळणाऱ्यानेच काढायला सांगितलं. आरओक्यूए म्हणजे गुणवत्ता बघणाऱ्या मंडळींनी सांगितलं, बहुधा कुणी वाली उरला नाही म्हणून. एनबीएस म्हणजे सोर्स अजून आहे, पण त्यातून या नावाचं पॅकेज आता बनत नाही. एनबीएस दिसलं की हायसं वाटायला हरकत नाही, तेच काम आता बहुधा दुसऱ्या नावाचं भावंड करतंय.

ट्रॅकरसोबत त्या आवृत्तीच्या प्रकाशन-टिपणांतला कालबाह्य पॅकेजांचा भाग वाचा. पर्याय तिथे नावानिशी दिलेले असतात. डेबियन १३ च्या टिपणांत पीसीआरईग्रेपऐवजी पीसीआरई२ग्रेप, रिक्वेस्ट-ट्रॅकर४ ऐवजी रिक्वेस्ट-ट्रॅकर५ असं स्पष्ट लिहिलंय.

तिसरी पायरी: काढलं तर काय पडेल?

सुडो ॲप्ट -एस रिमूव्ह पॅकेजचं-नाव

इथे 'एस' म्हणजे नाटक. ॲप्ट सगळं करून दाखवतं, पण प्रत्यक्षात काहीच हलवत नाही. सोबत आणखी काय काय जाणार ते वाचा. डेस्कटॉपचं मुख्य पॅकेज, नेटवर्क मॅनेजर, किंवा मराठी टायपिंगसाठी टाकलेलं आयबस-एम१७एन त्या यादीत दिसलं तर तिथेच थांबा. एखादं पॅकेज मुळात आलं कशामुळे हे कळत नसेल तर 'ॲप्टिट्यूड व्हाय' आणि पॅकेजचं नाव द्या. कोणाच्या मागे ते आलं ती साखळी दिसते. ॲप्टिट्यूड वेगळं टाकावं लागतं.

चौथी पायरी: पर्याय

माझा क्रम असा: आधी डेबियनमध्येच दुसरं काही आहे का ते पाहा. नसेल तर फ्लॅटपॅक (प्रोग्रॅम बसवण्याची डेबियनबाहेरची पद्धत), ग्राफिकल प्रोग्रॅमसाठी तो बहुतेकदा पुरतो. मग बनवणाऱ्यांचा स्वतःचा रेपो. त्यासाठी एक्स्टरेपो हे पॅकेज बघा. माहितीतल्या बाहेरच्या रेपोंची यादी आणि त्यांच्या सह्या तपासायच्या चाव्या त्यात नीट बसवलेल्या असतात. हाताने रेपो जोडताना जुन्या लेखात 'ॲप्ट-की' दिसलं तर तो लेख सोडा. डेबियन १३ मध्ये ती कमांडच नाही, चावी वेगळ्या फाइलमध्ये ठेवून रेपोच्या नोंदीत 'साइन्ड-बाय'ने तिचा मार्ग द्यायचा असतो.

जुनंच साधन हवं असेल आणि त्याला काही पर्याय नसेल, तर कंटेनर, म्हणजे मशीनच्या आत वेगळी बसवलेली दुसरी छोटी प्रणाली. डिस्ट्रोबॉक्स आणि पॉडमन टाका, डेबियन १२ ची प्रतिमा घेऊन त्यात ते पॅकेज बसवा. मुख्य मशीनच्या लायब्ररींना धक्का लागत नाही. पण डिस्ट्रोबॉक्स तुमचं होम फोल्डर आत उघडं ठेवतं, हे विसरू नका. सोयीचं आहे, कडेकोट नाही. पायथन २ ची स्क्रिप्ट अजून चालवणाऱ्यांसाठी हाच रस्ता बरा (प्रतिमा मात्र डेबियन ११ ची, कारण १२ मध्ये पायथन २ नाही), आणि ती स्क्रिप्ट इंटरनेटवरून आलेला मजकूर वाचत असेल तर तोही नाही. ती पायथन ३ वर आणा.

आता न करण्याची गोष्ट. एका पॅकेजसाठी चालू स्टेबलच्या रेपोंमध्ये जुन्या किंवा अनस्टेबलच्या रेपोची ओळ जोडायची, हा सल्ला जागोजागी मिळतो. त्या क्षणी काम होतंही. मग सहा महिन्यांनी एखादी लायब्ररी दोन आवृत्त्यांच्या मध्ये अडकते आणि पुढचं अपग्रेड पुढे सरकत नाही. अशा खिचडीला डेबियनची मंडळी 'फ्रँकनडेबियन' म्हणतात, आणि ती घेऊन मदत मागायला गेलात तर पहिला सल्ला मशीन नव्याने बसवण्याचा मिळतो.

नेमकी एक जुनी आवृत्तीच हवी असेल तर स्नॅपशॉट डॉट डेबियन डॉट ओआरजी आहे. २००५ पासून डेबियनच्या रेपोमध्ये आलेली पॅकेजं तिथे तारखेनुसार जपून ठेवली आहेत. आणि पॅकेज फक्त तुमच्या मशीनवर उरलं असेल, बाहेर कुठेच मिळत नसेल, तर डीपीकेजी-रीपॅक त्याची पुन्हा डेब फाइल बनवून देतं. काढण्यापूर्वी एवढं करून ठेवायला वेळ लागत नाही.

पोस्टग्रेएसक्यूएल: इथे घाई नको

यादीत 'पोस्टग्रेएसक्यूएल-१५' हा डेटाबेस दिसला की हात आखडता घ्या. डेबियन १२ मध्ये १५ आहे, १३ मध्ये १७. अपग्रेडनंतर १७ बसतं, स्वतःचा नवा रिकामा क्लस्टर (डेटाबेसांचा संच) दुसऱ्या पोर्टवर उभा करतं, आणि तुमचा सगळा डेटा मात्र १५ मध्येच असतो. ॲप्टच्या दृष्टीने १५ हे कालबाह्य पॅकेज, तुमच्या दृष्टीने ऑफिसचा अख्खा हिशेब. १७ ला १५ च्या फाइली थेट वाचता येत नाहीत, त्यामुळे १५ नुसतं काढलंत तर डेटा डिस्कवर राहील पण वाचणारा उरणार नाही. आणि पर्ज केलंत, म्हणजे सेटिंगसकट काढलंत, तर डेटाच्या फोल्डरबद्दल एक प्रश्न येतो. त्याला घाईत 'हो' म्हटलंत की संपलं.

आधी 'पीजी_एलएसक्लस्टर्स' देऊन दोन्ही क्लस्टर बघा. 'पीजी_डंपऑल'ने सगळ्याची प्रत काढा आणि ती दुसऱ्या डिस्कवर ठेवा. पोस्टजीआयएससारखी जोड वापरत असाल तर तिची १७ साठीची आवृत्ती आधीच टाका. १७ चा क्लस्टर खरोखर रिकामा आहे याची खात्री केली की पुढच्या दोन कमांड द्या:

सुडो पीजी_ड्रॉपक्लस्टर १७ मेन --स्टॉप
सुडो पीजी_अपग्रेडक्लस्टर १५ मेन

पहिली तो रिकामा नवा क्लस्टर बाजूला करते, दुसरी तुमचा डेटा १७ मध्ये नेते. आकडे अर्थात रोमन कीबोर्डवरचे. यानंतर तुमचा ॲप्लिकेशन काही दिवस वापरा, अहवाल काढून बघा. सगळं जुळलं की १५ चा क्लस्टर ड्रॉप करा आणि मग पॅकेज पर्ज करा.

रिमूव्ह की पर्ज?

रिमूव्ह प्रोग्रॅम काढतं, सेटिंगच्या फाइली ठेवतं. पर्ज त्याही काढतं. साध्या साधनाला थेट पर्ज चालेल. सर्व्हरसारख्या गोष्टींना आधी रिमूव्ह, आठवडाभर कुणी ओरडलं नाही तर पर्ज. आधीच रिमूव्ह केलेल्यांच्या राहिलेल्या सेटिंग-फाइली 'ॲप्ट लिस्ट '?कॉन्फिग-फाइल्स'' ने दिसतात. काय काढलं ते विसरलात तर व्हार फोल्डरमधल्या लॉग, त्यातल्या ॲप्टच्या 'हिस्टरी' फाइलमध्ये नोंद असते.

'ॲप्ट-मार्क होल्ड' लावून जुनं पॅकेज धरून ठेवण्याचा मोह टाळा. होल्ड अपडेट थांबवतं, पण अपडेट येतच नसलेल्या पॅकेजला त्याचा उपयोग काय? उलट पुढच्या अपग्रेडला तेच आडवं येतं.

पुढच्या वेळी आधीच कळावं म्हणून

'डेबियन-सिक्युरिटी-सपोर्ट' हे पॅकेज टाका आणि 'चेक-सपोर्ट-स्टेटस' चालवा. सुरक्षा-आधार संपलेली किंवा मर्यादित असलेली पॅकेजं ते सांगतं, अगदी रेपोमध्ये अजून असलेलीसुद्धा. 'हाउ-कॅन-आय-हेल्प' हे दुसरं. तुमच्या मशीनवरचं कोणतं पॅकेज बेवारस झालंय, कोणतं टेस्टिंगमधून जाण्याच्या मार्गावर आहे, हे ते ॲप्ट वापरताना दाखवतं. नाव मदत करणाऱ्यांसाठी ठेवलंय, पण नुसत्या वापरणाऱ्यालाही इशारा म्हणून ते उपयोगी आहे.

मोठ्या अपग्रेडच्या आधी 'ॲप्ट -एस फुल-अपग्रेड' देऊन काढायच्या पॅकेजांची यादी फाइलमध्ये ठेवा.

आवडतं पॅकेज बेवारस दिसलं तर ते जाण्याआधी सांभाळायला घेणं हे गेल्यावर परत आणण्यापेक्षा बरंच सोपं असतं. बेवारस पॅकेजच्या नावे एक बग नोंदलेला असतो, त्याच्या शीर्षकात 'ओ' ही खूण असते. घ्यायचं असेल तर त्याच बगचं शीर्षक 'आयटीए' करायचं, म्हणजे मी दत्तक घेतोय. तुम्ही डेबियनचे अधिकृत डेव्हलपर असायलाच हवं असं नाही, तुमचं काम तपासून अपलोड करणारा प्रायोजक लागतो. काढून टाकल्यावर मात्र ते नव्या पॅकेजसारखं 'न्यू' रांगेतून, परवान्याच्या तपासणीतून जातं, आणि काढताना बंद केलेले जुने बगही पुन्हा बघावे लागतात. स्वतः करणं शक्य नसेल तर 'आरएफपी' नोंदवता येतं. ती फक्त विनंती असते आणि कुणीतरी उचलेपर्यंत तशीच पडून राहते. त्यात पॅकेज का गेलं होतं आणि तेव्हापासून काय बदललं हे लिहिलंत तर ती उचलली जाण्याची शक्यता थोडी वाढते.